अंगण कुणाचे? ताराबाई मोडक आणि आपली अंगणवाडी

हळद शिजवण्याच्या दिवसांत सेनगाव तालुक्यातल्या एका गावी एका कार्यक्रमासाठी जाणे झाले. गावाचे नाव सांगत नाही. अशी गावे हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत सापडतील. बौद्धवाड्यात रमाई घरकुलाचे बांधकाम चालू होते आणि समाजमंदिरासमोर वाळूचा ढीग पडलेला होता. समाजमंदिरातच अंगणवाडी भरते. सेविकाताई आत मोबाईलवर मुलांची वजने भरत बसल्या होत्या, मदतनीस बाई खिचडीच्या पातेल्यापाशी होत्या, आणि आठ-दहा लेकरे त्या वाळूच्या ढिगावर. त्यांनी विहीर खणायला काढली होती. एक जण आत हात घालून गाळ काढत होता, दुसरा तो करवंटीने बाहेर टाकत होता, दोघी जणी काठावर खडे लावून कठडा बांधत होत्या. चार वर्षांचे एक पोरगे हातात कागदाचा कपटा घेऊन सगळ्यांची हजेरी मांडत होते. ते मुकादम होते! ज्या घरातले आईबाप ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात त्या घरातल्या लेकराला जगात सगळ्यात मोठा माणूस मुकादमच दिसणार.

विहीर ढासळली. भांडण झाले, एकाने दुसऱ्याच्या डोक्यात वाळू घातली. मग एका मुलीच्या ध्यानात आले की ओली वाळू पडत नाही. मदतनीस बाईंच्या बादलीतून तांब्या-तांब्या पाणी आले आणि विहीर पुन्हा उभी राहिली. तेवढ्यात पलीकडच्या आळीतली तीन पोरे आली. आमच्या लेकरांनी काही विचारले नाही, त्यांच्या हातात करवंटी दिली. पाचेक मिनिटांनी पलीकडून एका आजीची हाक आली आणि ती तीन पोरे उठून गेली. हाक साधीच होती, नाव घेऊन मारलेली. पण का मारली हे मोठ्यांना कळले आणि लहानांनाही थोडेबहुत कळले असावे, कारण त्यांच्यापैकी कुणी मागे वळून पाहिले नाही.

समाजमंदिराच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिले होते, अंगणवाडी क्रमांक २. क्रमांक १ पलीकडे, गावात. बालवाडी, बालमंदिर असे शब्द असताना हा अंगण शब्द कुठून आला, याचा विचार आपण कधी केला आहे काय? त्या शब्दामागे एक बाई उभी आहे आणि त्या बाईच्या मागे आपलीच एक वस्ती उभी आहे. म्हणून आज ताराबाई मोडकांची कथा सांगायची आहे.

काही वाचकांच्या कपाळावर आठ्या पडतील. ताराबाई आपल्या चळवळीतल्या नव्हत्या. जन्म ब्राह्मण घरातला, पुढचे आयुष्य गांधीविचाराच्या सावलीत गेलेले. आपल्या वस्तीला त्या आणि त्यांचे सहकारी ज्या नावाने ओळखत ते नाव बाबासाहेबांनी आणि आपण कधीच नाकारले आहे. हे सगळे मान्य करूनच पुढे जाऊ. ज्याने आपल्या लेकरासाठी काही केले त्याचा हिशेब नीट मांडायचा, जमा तेवढी जमा आणि बाकी तेवढी बाकी, ही आपली रीत आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. माहेरचे नाव केळकर. घर प्रार्थना समाजाचे, सुधारकी वळणाचे. ज्या काळात मुलीला चौथी पाचवीच्या पुढे शिकवणे म्हणजे घराण्याला बट्टा समजत, त्या काळात या मुलीने १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. लग्न होऊन अमरावतीला गेल्या. १९२१ मध्ये तो संसार मोडला. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला तो १९५१ मध्ये, म्हणजे या घटनेनंतर तीस वर्षांनी. त्या काळी नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला समाज काय म्हणत असेल याची कल्पना करावी. ताराबाई माहेरी रडत बसल्या नाहीत. राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन फिमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पगार, बंगला, मान सगळे होते.

ते सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर काढले होते. कॉलेजच्या प्राचार्याने तीन वर्षांच्या पोरांत जाऊन बसायचे, हे त्या काळच्या शहाण्या माणसांना वेड वाटले असणार. आजही वाटते. आपल्याकडे प्राध्यापकाला खुर्ची, प्राथमिक शिक्षकाला सतरंजी आणि अंगणवाडीच्या बाईला उंबरा, अशीच उतरंड आहे. ही उतरंडही एक प्रकारची वर्णव्यवस्थाच म्हणायची!

भावनगरला काय चालले होते हे समजण्यासाठी थोडे इटलीत जावे लागेल. मारिया मॉण्टेसरी या डॉक्टर बाईने १९०७ मध्ये रोम शहरातल्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब कामगार वस्तीत पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर पोरे जिन्यांत, भिंतींवर धुमाकूळ घालत, इमारतीचे नुकसान करत. म्हणून मालकांना त्यांची काही सोय हवी होती. म्हणजे ज्या मॉण्टेसरी नावाच्या पाट्या आज हिंगोलीपासून मुंबईपर्यंत फीच्या पावतीसह झळकतात, त्या पद्धतीचा जन्म झोपडपट्टीतल्या कामगारांच्या लेकरांत झाला. वरच्या वर्गाने ती कधी उचलून नेली आणि खालच्यांनाच तिची फी कधी लावली, हे कुणाला कळलेसुद्धा नाही.

मॉण्टेसरीबाईंच्या पद्धतीत मूल आपली चटई पसरते आणि आपले साधन घेऊन आपल्या गतीने काम करते. लाकडी ठोकळे, दट्ट्या, खरखरीत कागदाची अक्षरे. मोठ्याने मध्ये लुडबुड करायची नाही, मारायचे तर मुळीच नाही. ज्या देशात छडी म्हणजे विद्या अशी समजूत होती तिथे हा विचार क्रांतिकारकच होता. पण साधने महाग होती आणि बरेचसे काम एकट्याने करायचे होते. गिजुभाई आणि ताराबाईंनी त्यात आपल्या मातीतले पुष्कळ घातले. गोष्ट आली, गाणे आले, नाटक आले, गरबा आला, चिखलमाती आली. ही सगळी चार जणांनी मिळून करायची कामे. एकट्याने नाटक होत नाही. राजा व्हायचा तर कुणीतरी प्रधान व्हावे लागते, आणि उद्या अदलाबदल करावी लागते.

ही अदलाबदल आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे, म्हणून जरा थांबून पाहू. मोठ्यांच्या जगात जन्माने जे काम चिकटले ते सुटत नाही. खेळात मात्र मघाचा मुकादम आता मजूर होतो, मघाची नवरी आता भटजी होते. आपण ठरवलेली गोष्ट आपणच बदलू शकतो, हे चार वर्षांच्या लेकराला पुस्तकातून कुणी शिकवू शकणार नाही. ढासळलेली विहीर कशी उभी करायची यावर पाच पोरांनी भांडून काढलेला तोडगा म्हणजे त्यांच्या आयुष्यातली पहिली ग्रामसभा असते. त्यात शब्द सापडतात, मोजमाप सापडते, दुसऱ्याचे ऐकण्याची सवय लागते. मात्र खेळ आपोआप समतेचा होत नाही, हेही तितकेच खरे. ज्या गावात थोरल्यांची जात जिवंत आहे तिथे पोरांच्या भातुकलीतही कुणाच्या लेकीला नेहमी भांडी घासायचेच काम मिळते आणि कुणाच्या लेकाला नेहमी हमालच व्हावे लागते. ते पाहून आज तू व्यापारी हो आणि तो पोते उचलेल, असे सांगणारी बाई जवळ असावी लागते. ताराबाईंना अशी बाई घडवायची होती.

त्यासाठी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गुजराती शिक्षणपत्रिका चालली, १९३३ पासून मराठी शिक्षणपत्रिका निघू लागली. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढला आणि बालशिक्षिका तयार करण्याचे काम मांडले. दादरची हिंदू कॉलनी म्हटली की आपल्याला राजगृह आठवते. त्याच परिसरात, त्याच काळात हे चालले होते. १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली होती आणि १९३६ च्या मे महिन्यात दादरलाच मुंबई इलाखा महार परिषद भरली होती. एकीकडे एक महापुरुष लाखोंच्या समाजाला नरकातून बाहेर काढण्याची वाट आखतो आहे, आणि जवळच एक बाई पांढरपेशांच्या लेकरांना मातीचे गोळे करायला शिकवते आहे. ताराबाईंचे कार्य इथेच थांबले असते तर आज या स्तंभात त्यांचे नाव आलेच नसते.

ते थांबले नाही. बालशिक्षण म्हणजे शहरातल्या सुखवस्तूंची हौस होऊन बसली आहे, ही टोचणी त्यांना लागली होती. गांधींच्या नई तालीममध्ये सात वर्षांच्या आतल्या मुलांचा विचार सुरू झाला आणि खेड्यातल्या गरिबाला परवडेल असे बालशिक्षण कसे असेल हा प्रश्न पुढे आला. १९४५ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. बोर्डी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले, आताच्या पालघर जिल्ह्यातले. सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा. ज्या धर्माने तेरा-चौदा वर्षांच्या पोरीचे कपाळ पांढरे केले, त्याच धर्माने अडवलेल्या वस्तीत ती पोर पुढे आयुष्यभर राबली.

त्याच वर्षी त्याच तालुक्याच्या जंगलपट्टीत वारल्यांचा उठाव चालू होता. सावकार आणि जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध, लग्नगडी पद्धतीविरुद्ध आदिवासी उभे ठाकले होते आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यात फिरत होत्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस जन्माचा गुलाम होई, त्याची बायकोही राबे. अशा मुलखात बालवाडी काढायची होती.

बोर्डीला बालवाडी निघाली. गावातली मुले येऊ लागली. वस्तीतली मुले काही येईनात. का येईनात हे या दैनिकाच्या वाचकाला समजावून सांगायला नको. लेकराला धाकटे भावंड सांभाळायचे असते, आईला मजुरीला जायचे असते, आणि गावातल्या त्या नीटनेटक्या जागेत आपले लेकरू कसे बसेल, त्याला कुणी काय बोलेल, ही धाकधूक असते. साताऱ्याच्या शाळेत एक मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर कोपऱ्यात बसत होता. ते गोणपाट आपल्या प्रत्येकाच्या आजी-आजोबांच्या डोळ्यांसमोर होते.

अशा वेळी सुधारक काय करतात? लोकांना शिक्षणाचे महत्त्वच कळत नाही असा अहवाल लिहितात आणि मोकळे होतात. ताराबाई-अनुताईंनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे, असे त्यांनी ठरवले आणि बालवाडीच उचलून वस्तीत नेली. वेगळी इमारत नाही, बाके नाहीत. कुणाच्या तरी घरापुढचे सारवलेले अंगण, नाहीतर झाडाची सावली. वेळ बाईच्या सोयीची नाही, वस्तीच्या सोयीची. कडेवर धाकटे असेल तर त्याच्यासकट यायचे. आया दारातून बघत आहेत, म्हाताऱ्या येऊन बसत आहेत. ही अंगणातली बालवाडी, आणि तिच्यावरून पुढे आला तो शब्द अंगणवाडी. आज देशभर सरकारी फलकांवर असलेला हा शब्द आपल्या वस्तीच्या उंबऱ्याबाहेरच्या त्या सारवलेल्या जागेवर जन्मला, हे आपल्या नव्या पिढीला कुणी सांगितले आहे काय?

तिथले साहित्यही तिथलेच. शिंपले, चिंचोके, गुंजा, बिया, बांबूच्या कांड्या, पाने, माती. परदेशी ठोकळ्याने जे मोजता येते ते चिंचोक्याने मोजता येते, आणि चिंचोका हरवला तर कुणाच्या बापाचे नुकसान होत नाही. पोर निर्धास्त खेळते. महाग साधन कपाटात राहते, हे आपण आजही पाहतो. कंपनीने देणगी दिलेले खेळणे कुलपात आणि पोरे बाहेर.

बाकीची बाजूही लिहिली पाहिजे. या शिक्षिका वस्तीत गेल्या की आधी नखे कापत, केस विंचरत, अंघोळ घालत. माया होती यात शंका नाही. पण वरून आलेल्या माणसाला आपल्या लेकरात आधी मळ दिसतो आणि तो मळ का आहे हे नंतर दिसते, कधी कधी दिसतच नाही. पाणवठा कुणी बंद केला? १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी डोकी कुणाची फुटली? स्वच्छतेचा धडा ज्यांनी पाणी अडवले त्यांच्या आळीत आधी द्यायला हवा होता. दुसरे असे की अंगणात शाळा गेली म्हणजे आपल्या लेकराला खेळ मिळाला, पण गावातल्या लेकराबरोबर खेळणे मिळाले नाही. गावातली बालवाडी गावात राहिली, वस्तीतली वस्तीत. ताराबाईंचा मार्ग भाकरी ताटात आणून देण्याचा होता, पंगत एक करण्याचा नव्हता. उपाशी लेकराला आधी भाकरी द्यावी हे खरे. पण पंगतीचा प्रश्न तसाच राहिला आणि तो सेनगाव तालुक्यातल्या त्या वाळूच्या ढिगावर अजून तसाच आहे.

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबईच्या विधिमंडळाच्या सदस्य होत्या. सभागृहात बसून त्यांना बोर्डी विसरता आली असती. पुष्कळांना अशी सोय असते. १९५७ मध्ये त्या आणखी आत, कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वय पासष्ट. आजूबाजूला वारली पाडे. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवण्याचा प्रयोग झाला. त्याला विकासवाडी म्हणत. थोरली बहीण शाळेत, मधला बालवाडीत, धाकटे पाळण्यात, सगळी एका आवारात. धाकट्याला सांभाळायचे म्हणून थोरलीची शाळा सुटते, हा आपल्याही घरोघरचा अनुभव. ती गाठ त्यांनी अशी सोडवली. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे कुरणात चरत आहेत आणि शिक्षक तिथेच पोरांना घेऊन बसला आहे. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. कुठेही मुलाला दोष दिलेला नाही. वेळापत्रक मुलाच्या पोटाला जुळवून घेतले आहे.

१९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ च्या ऑगस्टमध्ये ताराबाई गेल्या. अनुताईंनी पुढे जवळजवळ वीस वर्षे कोसबाड चालवले, त्या १९९२ मध्ये गेल्या. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि गावोगावच्या केंद्राला नाव दिले अंगणवाडी. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. नाव घेतले, अंगण घेतले, आणि त्या अंगणात जे चालत होते तो खेळ मात्र वाटेत कुठेतरी सांडला. राहिले वजन, लस, पोषण आहार आणि रजिस्टर. तेही लागते, कुपोषित लेकराला आधी पोटात अन्नच लागते, याबद्दल वाद नाही. पण ज्या बाईकडून आपण मुलांना खेळवण्याची अपेक्षा करतो तिला पोषण ट्रॅकरवर माहिती भरायची असते, सर्वेक्षण करायचे असते, निवडणुकीच्या याद्याही पाहायच्या असतात, आणि हे सगळे पगारावर नाही, मानधनावर. ४ डिसेंबर २०२३ पासून या बायकांनी राज्यभर संप केला, तो जानेवारीपर्यंत चालला. त्यांच्यात आपल्या समाजातल्या भगिनी पुष्कळ आहेत. त्या मोर्चात आपले किती कार्यकर्ते गेले होते?

आता आपल्या संविधानाकडे या. मूळ कलम ४५ मध्ये राज्याने दहा वर्षांच्या आत चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले होते. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. सहा वर्षांपासून, असे कुठेही लिहिलेले नव्हते. संविधान सभेत १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये ही मर्यादा अकरा वर्षांवर आणावी असे कुणी सुचवले, तेव्हा बाबासाहेबांनी ते मानले नाही. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला कामाला लावायचे नाही असे आपणच म्हणतो, मग ते मूल त्या वयापर्यंत शिक्षणसंस्थेत असलेच पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला म्हणून आपण पेढे वाटले. त्याच दुरुस्तीने कलम ४५ बदलले आणि सहा वर्षांच्या आतले मूल मार्गदर्शक तत्त्वांच्या कप्प्यात एकटे राहिले. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही सहा वर्षांपासूनच सुरू होतो. ताराबाईंच्या अंगणातले लेकरू, आपले तीन-चार वर्षांचे लेकरू, हक्काच्या बाहेर राहिले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वयाला पायाभूत टप्प्यात धरले आहे. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे, त्याच्यासाठी कोर्टात जाता येत नाही.

याच मुद्द्यावर कोर्टाने एक दार उघडून ठेवले आहे, ते कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला की नव्या अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे, आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. १९४५ मध्ये दोन बायकांनी बोर्डीत जे मनाने केले, ते इथे सरकारवर बंधन म्हणून आले. कळमनुरी तालुक्यातल्या आंध आदिवासींच्या पाड्यांवर, औंढ्याच्या डोंगराळ भागात, वसमतच्या हळद-केळीच्या शिवारात राबणाऱ्यांच्या वस्त्यांवर किती ठिकाणी चाळीस लेकरे आहेत आणि अंगणवाडी नाही, हे तिथल्या आपल्या पोरांनी एका दिवसात मोजून काढावे.

पण नुसती अंगणवाडी मागून भागणार नाही. आपल्यातले जे शिकले, नोकरीला लागले, हिंगोलीत-नांदेडला घर बांधून राहिले, त्यांनी आपली लेकरे नर्सरीत घातली. गळ्यात टाय, पाठीवर दप्तर, तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल. मूल इंग्रजीत रंगांची नावे सांगते म्हणून पाहुण्यांपुढे उभे करायचे. मी कुणाला नावे ठेवत नाही, माझ्याही घरात हेच झाले. वाळूत हात घातला की कपडे मळतात म्हणून मीही ओरडलो आहे. गावकुसाबाहेरच्या मातीतून बाहेर पडायला आपल्याला तीन पिढ्या लागल्या, म्हणून आपल्याला मातीची भीती वाटते, हे मला आता कळते. पण त्या भीतीपोटी खेळ श्रीमंतांना दिला आणि घोकंपट्टी आपण घेतली. महागड्या शाळांत आज वाळूचा हौद असतो, मातीकाम असते, नाटक असते आणि त्याची वेगळी फी असते. आपण ज्या शाळांत फी भरतो तिथे फळा आणि धाक.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात प्राथमिक शिक्षणावर बोलताना दाखवून दिले होते की शाळेत गेलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात. बाकीची ब्याऐंशी कुठे गेली? त्यातली पुष्कळ गरिबीने गेली. पण काही पहिल्याच दिवशी मनातून गेली असतील, कारण ती अनोळखी जागा, अनोळखी भाषा आणि हातात छडी घेतलेला अनोळखी माणूस. जे मूल तीन वर्षे अंगणात चार पोरांबरोबर विहिरी खणून, बाजार मांडून, हळदीचा लिलाव पुकारून शाळेत जाते, ते वर्गात पहिल्या दिवशी तोंड उघडते. त्याला गोणपाटावर बसवणे सोपे जात नाही.

जयंतीच्या वर्गणीचा हिशेब चालला होता तेव्हा मी त्या गावातल्या मंडळाच्या पोरांपुढे हा विषय काढला. डीजेचा आकडा मोठा होता. एक ब्रास वाळू अंगणवाडीसाठी बाजूला काढा म्हटले, तर पोरे हसली. एक जण म्हणाला की वाळू आता सोन्याच्या भावाने मिळते, घरकुलालाच पुरत नाही. त्याचेही खरे होते.

मध्यंतरी पुन्हा त्या गावावरून जाणे झाले. घरकुलाचा स्लॅब पडला होता आणि समाजमंदिरासमोरची जागा साफ झाली होती. मदतनीस बाईंनी मात्र घरमालकाला सांगून चार घमेली वाळू मागून घेतली होती आणि समाजमंदिराच्या कडेला, सांडपाणी लागणार नाही अशा जागी, तीन बाजूंनी विटा लावून टाकली होती. ताराबाई मोडक हे नाव त्यांनी कधी ऐकलेले नव्हते. दुपारची वेळ होती, खिचडी होऊन गेली होती. वाळूत पाच-सहा डोकी खाली घालून काहीतरी चालले होते. त्यात पलीकडच्या आळीतल्या त्या तिघांपैकी एक होता. बाईंना विचारले, तर म्हणाल्या की आजी गेली हळदीच्या कामाला, ती संध्याकाळशिवाय येत नाही.